मधुमेह उंदरात की पिंजऱ्यात?

'कारण' हा शब्द आपण दिवसातून शंभरदा वापरतो, आणि तो फार सोपा आहे असं समजतो. आज एका उंदराच्या निमित्तानं तो जरा तपासून पाहू.

इजिप्त, इस्रायल या भागांतल्या वाळवंटात एक उंदीर राहतो. शास्त्रीय नाव सॅमोमिस ओबेसस. आपण त्याला वाळूउंदीर म्हणू. तो खारट झुडपांच्या पाल्यावर जगतो. त्या पाल्यात पाणी आणि मीठ भरपूर, पोषण बेताचं. म्हणून हा प्राणी आधी दातांनी पानावरचा खारट थर खरवडतो, मग पान खातो, आणि पोट भरायला खूप पाला खातो. उरलेलं मीठ त्याची मूत्रपिंडं बाहेर टाकतात. ही मूत्रपिंडं अभ्यासण्यासाठीच क्नुट श्मिट-नीलसन या शरीरशास्त्रज्ञांनी असे उंदीर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात आणले होते.

तिथं त्यांना प्रयोगशाळेतले नेहमीचे खाद्यगोळे दिले गेले. झालं काय, उंदीर लठ्ठ झाले, रक्तातली साखर वाढली, डोळ्यांत मोतीबिंदू आले, काही लवकर मेले. ताज्या भाज्यांवर ठेवलेले मात्र ठणठणीत राहिले. 1964 साली हे 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

शरीरात काय होतं, तेही पाहू. जास्त उष्मांक आले की आधी इन्सुलिन वाढतं, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. शेवटी ते बनवणाऱ्या पेशी थकतात, मरतात, आणि इन्सुलिनच आटतं. माणसाच्या टाइप टू मधुमेहाची वाटही बरीचशी अशीच असते.

आता आपला प्रश्न. या मधुमेहाचं कारण कोणतं?

जॉन स्टुअर्ट मिल यांची भेदाची रीत लावून बघा. एकाच जातीचे उंदीर, खाणं दोन प्रकारचं: आजार गोळ्यांवरच्यांना झाला. म्हणजे कारण गोळे! आता उलट करा. खाणं एक, प्राणी दोन: तेच गोळे प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर जन्मभर खातो आणि त्याला सहसा काही होत नाही. म्हणजे कारण वाळूउंदराचं शरीर! रीत तीच, उत्तरं दोन. आपण कशाची कशाशी तुलना करतो, त्यावर 'कारण' कुठं दिसेल ते ठरतं. त्यातही गोळे खाणाऱ्या सगळ्याच वाळूउंदरांना मधुमेह होत नाही.

तेव्हा आजार शरीर आणि परिस्थिती यांच्या नात्यात आहे, असं म्हणणं भाग पडतं. वाळवंटात हे शरीर निरोगी, नव्हे, तिथं ते फार हुशार शरीर आहे, थोडक्यात भागवणारं. पिंजऱ्यात तीच हुशारी अंगाशी येते. 1943 साली जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच तत्त्वज्ञानं आपल्या वैद्यकीय प्रबंधात हेच सुचवलं होतं: परिसर सोडून 'प्रकृत' आणि 'विकृत' ठरवता येत नाही.

याचा आपल्याशी काय संबंध? कुणाला साखर निघाली की आपण चटकन म्हणतो, 'जिभेवर ताबा नको का?' त्या उंदराला कुणी असं म्हणणार नाही. समोर जे पडलं ते त्यानं खाल्लं. माणूस अर्थातच उंदीर नव्हे. आपल्याला निवड असते आणि पथ्याला अर्थ असतो. पण बारा तासांची पाळी करून वडापाववर भागवणाऱ्याला निवड किती आणि पिंजरा किती, याचा हिशेब न करता दोष द्यायचा, हे तर्काला धरून नाही. रुग्णाला पथ्य जरूर सांगावं; आणि त्याच्या ताटात काय पडतं, ते कोण ठरवतं, हेही त्याच वेळी विचारावं.