उपहास वाण्याचा, विडंबन नाटकांचे
फ्रान्सिस ब्यूमाँटचे 'द नाइट ऑफ द बर्निंग पेसल' हे नाटक १६०७ च्या सुमारास लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहात बालनटांनी सादर केले आणि ते साफ पडले. बालनट 'द लंडन मर्चंट' हे नाटक आरंभणार, तोच एक वाणी व त्याची पत्नी नेल प्रेक्षकांतून रंगमंचावर चढतात आणि आपला शिकाऊ उमेदवार रेफ यास नायक करावयास लावतात. या वीराच्या ढालीवरील चिन्ह काय, तर जळता बत्ता!

वाण्याच्या अभिरुचीचा उपहास येथे उघडच आहे. विडंबन मात्र वाण्याचे नव्हे. ते थॉमस हेवुडच्या 'द फोर प्रेन्टिसेस ऑफ लंडन'सारख्या, उमेदवारांना योद्धे बनविणाऱ्या नाटकांचे आहे. रेफच्या अखेरच्या भाषणात तर थॉमस किडच्या 'द स्पॅनिश ट्रॅजेडी'ची भारदस्त शैलीच उलटविली आहे. उपहास व विडंबन यांची गल्लत केल्यास हे नाटक केवळ व्यापारीवर्गाची टवाळी ठरते. वस्तुतः नेलची रेफवरील माया इतकी निर्व्याज आहे, की उपहासाची धार वारंवार बोथट होते; आणि नाटकाचे खरे बळ तेथेच आहे.

१६१३ च्या छापील आवृत्तीत प्रकाशक वॉल्टर बर याने अपयशाचा दोष प्रेक्षकांना दिला: त्यांना यातील उपरोध उमगला नाही. हे अर्धेच खरे असावे. वाण्याला हसावयास आलेल्यांच्या हाती ब्यूमाँटने नेल दिली होती.