डब्यातला जोक आणि गावभरचं मीम

डोंबिवलीहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या फास्ट लोकलमध्ये ठरलेल्या डब्यात, ठरलेल्या दाराशी भेटणारी माणसं वर्षानुवर्षं एकत्र प्रवास करतात. कोणी विंडोसाठी आधी उलट दिशेने कल्याणपर्यंत डाऊन करून येतो, कोणी चौथ्या सीटवर कसंबसं टेकतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे मिळून डब्याला हार-तोरणं बांधतात. या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुपही असतो आणि तिथे दोन तऱ्हांचं हसू पिकतं. एक बाहेरच्याला काही केल्या न कळणारं, दुसरं अख्ख्या महाराष्ट्राला कळणारं. पहिला असतो ‘आमच्यातला जोक’, दुसरं मीम. एकाच मोबाइलवर, एकाच मिनिटाला दोन्ही येतात, पण त्यांची जातकुळी अगदी वेगळी.

आधी आमच्यातला जोक घेऊ. समजा, ग्रुपमधल्या एका गृहस्थांचा रात्री घरी परतताना गाडीत डोळा लागला. डोंबिवली गेली, कल्याण गेलं, जाग आली ती थेट कसाऱ्याला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ही हकिगत डब्यात रंगवून सांगितली. आठवडाभर तिची उजळणी झाली. हळूहळू हकिगतीचं एक वाक्य झालं आणि शेवटी दोनच शब्द उरले: ‘कसारा झाला’. आता कोणी भिशीचे पैसे भरायला विसरला, कोणाचं बोलण्याकडे लक्ष नसलं, की ग्रुपवर हेच दोन शब्द पडतात आणि वीसेक माणसं आपापल्या घरी एकाच वेळी हसतात.

गोष्ट अशी आखडत का जाते, हे एका सुंदर प्रयोगातून दिसतं. हर्बर्ट क्लार्क आणि डिआना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांनी तो १९८६ साली प्रसिद्ध केला. दोन माणसं, मध्ये आडोसा, दोघांपुढे टँग्रॅम या भौमितिक तुकड्यांच्या कोड्यातल्या त्याच १२ आकृत्या. एकाने आकृतीचं वर्णन करायचं आणि दुसऱ्याने ते ऐकून आकृत्या त्या क्रमाने लावायच्या. अशा ६ फेऱ्या. पहिल्या फेरीत एकेका आकृतीसाठी लांबलचक वर्णन करावं लागे: बर्फावर स्केटिंग करणारी व्यक्ती, तिने दोन्ही हात पुढे काढलेत, वगैरे. शेवटच्या फेरीपर्यंत ‘आइस स्केटर’ एवढं पुरत होतं. उरलेलं सगळं वर्णन दोघांच्या सामाईक आठवणीत जाऊन बसलं होतं. ‘कसारा झाला’चंही तसंच आहे. त्या दोन शब्दांत विनोद जवळपास नाहीच. तो वीस माणसांच्या डोक्यांत साठवलेला आहे आणि शब्द फक्त तो जागा करतात. हे मला थक्क करणारं वाटतं.

आता मीम. जून २०२२ मध्ये ठाण्याच्या कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे बरेच आमदार बंड करून गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला होते. त्यांच्यातले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी मतदारसंघातल्या एका कार्यकर्त्याला फोनवर तिथलं वर्णन ऐकवलं: ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!’ दोन माणसांमधलं हे बोलणं. पण त्याची ध्वनिफीत बाहेर पडली आणि बघता बघता राज्यभर पसरली.

का पसरली? वाक्याची ठेवण पाहा. तीन वेळा ‘काय’ आणि प्रत्येक ‘काय’पुढे एक मोकळी जागा. सांगोल्याकडच्या बोलीचा ठसका असा की एकदा ऐकलं की कानातून जात नाही. घोडबंदर रोडवर अडकलेला ठाणेकर त्या जागा क्षणात भरतो: काय खड्डे, काय धूळ, काय ट्रॅफिक! त्याला गुवाहाटीची आठवण असण्याची गरज नाही, राजकारणात रस असण्याचीही नाही. साचा हाती आला की पुरे.

इथे फरक ओळखायची साधी परीक्षा सापडते. शब्द बदलून बघा. ‘कसारा झाला’च्या जागी ‘खोपोली झाली’ म्हणा, जोक जागीच मरतो. ‘झाडी’च्या जागी ‘खड्डे’ म्हणा, मीम पुन्हा जन्माला येतं. जोक विचारतो, ‘तुला ती गोष्ट माहीत आहे का?’ मीम विचारतं, ‘तुला यात काय भरता येईल?’

माध्यम-अभ्यासक लिमोर शिफमन यांनी हेच वेगळ्या अंगाने मांडलं आहे. जशीच्या तशी फिरणारी एखादी क्लिप नुसती व्हायरल असते. मीम कधी एकटं नसतं, ते एकमेकांकडे बघून घडलेल्या आवृत्त्यांचं कुटुंब असतं. मीमची कल्पना मात्र इंटरनेटहून जुनी आहे. रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली ‘द सेल्फिश जीन’मध्ये मीम हा शब्द वापरला तो सुरावटी, कपड्यांच्या फॅशन, मडकी घडवण्याच्या पद्धती यांच्यासाठी. अनुकरणातून एका मनातून दुसऱ्या मनात जाणारं जे जे काही, ते मीम.

त्या मूळ अर्थाने पाहिलं, तर एक मोठं मीम डोंबिवलीचंच आहे. १९९९ साली गुढीपाडव्याला इथल्या श्रीगणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा निघाली. मग ठाण्याने काढली, गिरगावने काढली, गावोगावी निघू लागल्या. साचा तोच, चित्ररथ, ढोल, पेहराव ज्याचे त्याचे. गिरगावात यात्रेला जाणाऱ्या कित्येकांना ती कुठून सुरू झाली ते ठाऊकही नसेल. त्याने यात्रेचं काही अडत नाही. जन्मगाव मागे ठेवूनही जगता येणं, हीच मीमची ताकद.

उलटा प्रवासही होतो. समजा, आपला लोकलचा ग्रुप पावसाळी सहलीला गेला, मुक्कामाच्या जागी नळाला पाणी नव्हतं आणि कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, ‘काय हाटील!’ त्या दिवसापासून या ग्रुपपुरता ‘हाटील’ म्हणजे तीच सहल. राज्यभर फिरलेलं मीम वीस जणांत मुक्कामाला आलं आणि त्याचा आमच्यातला जोक झाला.

पण दोघांतला आमच्यातला जोक जपायला हवा. मीमला आपली गरज नसते, ते आपली वाट शोधतं. जोक मात्र तेवढ्याच माणसांच्या आठवणीवर जगतो. कोणाची बदली होते, कोणी निवृत्त होतं, गाडीची वेळ बदलते आणि आठवणाऱ्यांतला एकेक कमी होतो. शिवाय जोक जितका आतल्यांना जवळ आणतो, तितकाच नव्या माणसाला बाहेर ठेवतो. यावर उपाय सोपा आहे. तुमच्या डब्यात, ऑफिसात किंवा ग्रुपवर नवीन कोणी आलं, सगळे हसत असताना ती व्यक्ती गप्प दिसली, तर दोन मिनिटं काढा आणि कसाऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगा. जोक आणखी एका माणसाच्या आठवणीत राहील आणि त्या माणसालाही डबा आपला वाटेल.