पुढचं आलं की ठेवा

नव्या लेखकाची पहिली कादंबरी वाचनालयात सहसा कुणी आपणहून मागत नाही. नाव अनोळखी असलं की वाचक पुस्तक उलटं करून मलपृष्ठ वाचतो, मग मागची तारखांची चिठ्ठी बघतो. एकच शिक्का दिसला, तर पुस्तक परत फळीवर. लागोपाठ सात-आठ दिसले, तर "बघू तरी" म्हणत घरी. पहिला शिक्का मिळवून देणं हे ग्रंथपालबाईंचं काम. त्या कधी कथा सांगत नाहीत. "काकू, यात रडारड नाही," एवढं म्हणून पुस्तक पुढे सरकवतात. हल्ली संध्याकाळी मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसून हे ऐकत असते.

रहस्यकथेवर बोलणं सगळ्यात अवघड, कारण ती वाचायची राहिलेला माणूस मागे रांगेतच उभा असतो. एका निवृत्त काकांनी पुस्तक काउंटरवर आपटलं. "दोनशे पानं काय गुंगवलंन हो! आणि शेवटी जुळा भाऊ काढलान. आधी कुठे उल्लेख तरी नको?" मागची बाई "अहो काका!" म्हणून किंचाळलीच. तिने तेच पुस्तक राखून ठेवायला सांगितलं होतं.

त्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहिलं होतं, 'हा नसणार.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'नोकरावर लक्ष ठेवा.' बाईंनी खोडरबर काढला, शेवटाकडच्या पानांवरचं जुळ्या भावाचं नाव पुसलं आणि हे दोन्ही शेरे तसेच ठेवले. म्हणाल्या, "अंदाज चालतो. निकाल नाही."

हलक्याफुलक्या प्रेमकथेत शेवटाबद्दल कुणाची तक्रार नसते; लग्न होणार हे माहीत असूनच पुस्तक नेलेलं असतं. घोडं अडतं ते मध्येच. "हिला बँकेत नोकरी आहे ना? मग मार्चअखेरीला ही महाबळेश्वरला कशी?" असं विचारणारी वाचक स्वतः बँकेतली होती. दुसरीचं म्हणणं, "डोंबिवलीला गाडीत बसली ती थेट चर्चगेटला उतरली. दादरला बदलली कधी?" या वाचकांना भाबडं समजणारे समीक्षक एकदा इथे येऊन बसायला हवेत. नायक कसाही चालतो, पण लोकल चुकलेली चालत नाही.

अशा वाचकाची दाद मोलाची असते. अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' १९२० साली आली. पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयाच्या औषध विभागात काम केलं होतं. गोष्टीतलं विष तिथूनच आलं. त्यातली विषाची माहिती बिनचूक आहे, अशी शाबासकी तिला औषधविक्रेत्यांच्या नियतकालिकाने दिली.

काही पहिल्या कादंबऱ्या मात्र कुठल्याच फळीवर धड बसत नाहीत. सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) एकाच भाडेकरूवर जडलेल्या प्रेमाची गोष्ट आधी भाऊ सांगतो, मग बहीण. ती परत करताना कुणी कादंबरीबद्दल बोलतच नाही. भाऊ खरा की बहीण, यावरच जुंपते. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ची, तीही पहिलीच. ती अजून कुणी अर्धी टाकून परत करतं, तर कुणी मुदत वाढवत महिनाभर देतच नाही.

एक अन्याय मात्र रोज दिसतो. नावाजलेल्या लेखकाचं पुस्तक फसलं, की लोक म्हणतात, "या वेळी नाही जमलं." नव्याचं फसलं की, "याला जमत नाही." म्हणून बाईंच्या लेखी सगळ्यात मोठी पसंती एकच: "याचं पुढचं आलं की ठेवा." मग त्या वहीत नाव टिपून घेतात. पुढचं येईलच असं नाही म्हणा. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' १९३९मध्ये आलं, आणि त्यांनी दुसरी कादंबरी लिहिलीच नाही.

परवा जुळ्या भावावर चिडलेले काकाही वहीत नाव टिपायला सांगत होते.

"काका, शेवट पटला नव्हता ना?"

"नव्हताच. पण पुढच्या वेळी काय करतो ते बघायला नको?"