संसाराचे गणित (भाग 6) : कमावता एक, खाणारे सहा

मागच्या भागात आपण पाहिले की शेतकऱ्याच्या घरात पैसा बारा महिने येत नाही. तो सुगीला येतो आणि पेरणीला जातो. आज त्यापुढचा प्रश्न घेऊ. आलेला पैसा किती जणांमध्ये वाटला जातो? एकटा माणूस ज्या कमाईत निवांत राहतो, तीच कमाई घेऊन तो संसाराला लागला की महिनाअखेर उसनवारीची वेळ का येते? आणि यात दोष कोणाचा असतो?

या प्रश्नासाठी हिंगोली जिल्ह्यातले नरसी नामदेव हे गाव घेतले आहे. कयाधू नदीच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. जन्म 1270 सालचा, घर शिंप्याचे. वारकरी परंपरेने या घरातल्या माणसांची नावे जपून ठेवली आहेत. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा आणि महादा ही चार मुले. लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या सुना. मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई. शिवाय गंगाखेडहून आलेली आणि याच घरात राबलेली जनाबाई. नावे मोजली की पंधरा भरतात. घरचा धंदा कपड्याचा आणि शिवणकामाचा, आणि तो ज्याने पुढे चालवावा असे सर्वांना वाटे, त्याचे चित्त विठ्ठलाच्या पायी.

नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई यांच्या नावावरचे अभंग आहेत. त्यांत घरच्या ओढाताणीची तक्रार आहे आणि ती थेट विठोबाकडे केलेली आहे. परिसाची कथाही सर्वांना ठाऊक आहे. परिसा भागवताच्या पत्नीने राजाईला घटकाभरासाठी परीस दिला. राजाईने त्याने लोखंडाचे सोने केले आणि घरात दाणागोटा भरला. नामदेवांना हे कळले, तेव्हा त्यांनी तो परीस चंद्रभागेत टाकून दिला. कीर्तनात ही कथा वैराग्याची म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण तिला दुसरीही बाजू आहे. राजाईने त्या सोन्याचे दागिने केले नाहीत, धान्य आणले. तिची मागणी चैनीची नव्हती. पंधरा ताटांची होती. एकट्याला वैराग्य परवडते, कारण त्याच्या उपाशी राहण्याने दुसरे कोणी उपाशी राहत नाही. घराच्या चुलीशी बसणारा माणूस मात्र रोज हिशोबालाच बांधलेला असतो.

तीच रक्कम, दोन आयुष्ये

आता आजच्या नरसीचा हिशोब मांडू. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये जाहीर झाली. महिन्याचे 26 दिवस काम मिळाले असे धरू, म्हणजे 8,112 रुपये. इतके सलग काम क्वचितच मिळते, पण हिशोबासाठी धरू.

केंद्र सरकारच्या कुटुंब खर्च पाहणीनुसार 2022-23 साली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दरमहा दरडोई सरासरी खर्च 4,010 रुपये होता. हा आकडा शेजारी ठेवला की चित्र स्पष्ट होते. घरच्याच छपराखाली राहणारा एकटा तरुण 8,112 रुपयांत सरासरी ग्रामीण माणसाच्या दुप्पट खर्च करू शकतो. मोबाइलचे रिचार्ज, मोटारसायकलचे पेट्रोल, हिंगोलीच्या बाजारातला नवा शर्ट, वर थोडी शिल्लक, सगळे त्यात बसते. त्याच तरुणाचे लग्न झाले, दोन लेकरे झाली आणि म्हातारे आईवडील त्याच्या जिवावर आले, तर त्याच पैशाचे सहा वाटे होतात. माणशी 1,352 रुपये, म्हणजे सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश. तो आळशी झाला नाही, व्यसनी झाला नाही, त्याची मजुरीही घटली नाही. केवळ घरातली ताटे वाढली.

यावर कोणी म्हणेल की सहा माणसांना सहापट खर्च लागत नाही. हे खरे आहे. दिवा एकच लागतो, छप्पर एकच असते, चूलही एकच पेटते. हे लक्षात घेऊन युरोपात कुटुंबाचा खर्च मोजण्याची एक रीत रूढ झाली आहे. पहिल्या प्रौढाला 1, पुढच्या प्रत्येक प्रौढाला अर्धा आणि लहान मुलाला 0.3 वाटा धरतात. या रीतीने नवरा, बायको आणि दोन मुले यांना एकट्याच्या 2.1 पट पैसे लागतात. आईवडील धरले तर 3.1 पट. म्हणजे आपल्या तरुणाला लग्नाआधीचेच राहणीमान टिकवायचे तर 8,112 ऐवजी सुमारे 25,000 रुपये हवेत.

ही युरोपातली रीत आपल्याकडे मात्र तोकडी पडते. ज्या घरात भाडे, वीज, गाडी यांवर मोठा खर्च होतो, तिथे वाटून घेण्यासारखे बरेच असते. आपल्या खेड्यांत तसे नाही. 2023-24 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या कुटुंबखर्चापैकी 47 टक्के वाटा खाण्यापिण्याचा निघाला. दिव्याचा उजेड सहा जणांत वाटता येतो, भाकरी वाटली की तुकडाच होतो. जितके घर गरीब, तितका त्याचा पैसा पोटात जातो आणि तितका एकत्र राहण्याचा फायदा कमी होतो.

कमावत्यामागे किती जण धरायचे?

एका माणसाच्या मजुरीत किती माणसे जगली पाहिजेत, हा प्रश्न न्यायालयांनी आणि सरकारांनीही सोडवायचा प्रयत्न केला आहे. 1907 साली ऑस्ट्रेलियात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी एका निकालात ठरवले की अकुशल कामगाराला दिवसाला किमान सात शिलिंग मिळाले पाहिजेत, कारण त्यात त्याची बायको आणि तीन मुले साधेपणाने पण समाधानाने जगली पाहिजेत. कारखानदाराला काय परवडते यापेक्षा घराला काय लागते, हे त्यांनी आधी पाहिले.

आपल्याकडे 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मोजपट्टी ठरवली. एका कमावत्यामागे तीन ‘उपभोग एकके’ धरायची: पुरुष 1, स्त्री 0.8, दोन मुले प्रत्येकी 0.6. आहारतज्ज्ञ डॉ. अॅक्रॉइड यांच्या मापाने प्रौढाला रोज 2,700 उष्मांकांचे अन्न. चौघांना मिळून वर्षाला 72 वार कापड, म्हणजे माणशी 18 वार. वर घरभाडे, शिवाय जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेगळे 20 टक्के. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी 25 टक्क्यांची भर घातली. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन 18,000 रुपये ठरवले, तेही याच पद्धतीने.

या मोजपट्टीतल्या दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली, बायकोची आणि मुलांची कमाई हिशोबात धरायची नाही, असे 1957 साली स्पष्ट ठरले होते. एकाच्या कमाईत घर चालणे ही तेव्हा चैन समजली जात नव्हती. ती किमान पातळी होती. आज नवरा-बायको दोघे राबूनही भागत नाही असे घर दिसले, तर मजुरी त्या किमान पातळीच्याही खाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट, त्या तीन एककांत म्हातारे आईवडील नाहीत. त्याच मापाने आईवडिलांचे 1.8 मिळवले की आपल्या सहा जणांच्या घराची 4.8 एकके होतात. गावाकडचा कमावता माणूस कागदावरच्या तीन एककांसाठी मजुरी मागतो आणि घरी जाऊन जवळजवळ पाच एकके पोसतो. आईवडिलांना सांभाळणे हे कायद्यानेही त्याचे कर्तव्य आहे; 2007 चा ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा तेच सांगतो. कर्तव्य लिहिताना कायद्याने त्यांना आठवले, मजुरी ठरवताना मात्र विसरले.

घरात ताटे किती, हे सरकारी मदतही कधी मोजते, कधी मोजत नाही. रेशनच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळते, म्हणजे ताटे वाढली की धान्य वाढते. अंत्योदयाला मात्र घराला 35 किलो, मग खाणारे दोन असोत की नऊ. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये कुटुंबाला, माणसाला नव्हे. कोणती मदत माणशी आणि कोणती घरटी, हे ओळखल्याशिवाय आपल्या घराचा हिशोब लागत नाही. प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर नव्या बाळाचे नाव चढवायला उशीर करणारे घर दरमहा 5 किलो धान्य सोडून देत असते.

ती कमाई एकाची असते का?

आता दुसऱ्या बाजूने पाहू. आपण ज्याला एका कमाईचे घर म्हणतो, ते खरोखर एकाच्या जिवावर चालते का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात हळदीची काढणी चालते. जमिनीतून काढलेले कंद माती झटकून वेचायचे, गड्डे आणि हळकुंडे निवडून वेगळी करायची, बेणे बाजूला ठेवायचे. मग हळद शिजवायची, उन्हात पसरून दोन आठवड्यांच्या आसपास वाळवायची, वाळताना हलवत राहायची, अवकाळीचे ढग दिसले की धावत जाऊन झाकायची. शेवटी ड्रममध्ये फिरवून चकाकी आणायची आणि हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात न्यायची. निवडण्यापासून वाळवण्यापर्यंतच्या कामात बायकांचे हात अधिक असतात. पण बाजारात पट्टी फाटते ती ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या नावाने. पैसे त्याच्या खात्यात जातात आणि घरात कमावता एक, असे सगळे म्हणू लागतात.

ऊसतोडीत तर हे उघड आहे. मराठवाड्यातून तोडीला जाणाऱ्या जोडप्याला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. उचल जोडप्याची, काम दोघांचे, व्यवहार मात्र बहुतेक वेळा नवऱ्याशी. घरातले काम तर कोणत्याच पट्टीवर येत नाही. 2024 च्या केंद्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात आणि पुरुष 88 मिनिटे. दळण, पाणी, स्वयंपाक, म्हाताऱ्यांचे करणे हे सगळे विकत घ्यायचे ठरवले, तर 8,112 रुपयांचे काय होईल ते प्रत्येकाने आपल्या घरापुरते मांडून पाहावे. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंना मजुरी मिळाल्याचे कोणी सांगत नाही. पण त्या जात्यावरचे पीठ नसते तर ती पंधरा ताटे वाढली गेली नसती.

म्हणून ‘मी एकटा सहा जणांना पोसतो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. रोख पैसा एक जण आणतो. त्या पैशाचे जेवण, कपडे आणि औषध बाकीचे मिळून करतात. हे मान्य केले की घरातला मान वाटला जातो आणि निर्णयही वाटले जातात. कमावत्याच्या डोक्यावरचे एकट्याचे ओझेही त्याने हलके होते.

खरा फरक धोक्याचा

एकटा राहणारा आणि कुटुंब पोसणारा यांच्यात पैशापेक्षाही मोठा फरक आहे तो धोक्याचा. एकट्याची नोकरी गेली तर तो दोन महिने मित्राच्या खोलीवर काढतो. मालक वाईट वागला तर काम सोडून पुण्याची गाडी धरतो. सहा जणांच्या घराला हे जमत नाही. म्हणून त्या घरातला कमावता कमी पैशात, अपमान गिळून टिकून राहतो. आणि तोच माणूस अपघाताने किंवा आजाराने गेला, तर पाच जणांची कमाई एका दिवसात बंद होते. मराठवाड्यात घरे कर्जाने बुडतात तशी कमावत्याच्या अकाली जाण्यानेही बुडतात.

याला उपाय फार मोठा पैसा मागत नाही. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत 18 ते 50 वयाच्या माणसाला वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचे जीवन संरक्षण मिळते. सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयापर्यंत 20 रुपयांत 2 लाखांचे अपघात संरक्षण. दोन्ही मिळून 456 रुपये, म्हणजे दीड दिवसाची मजुरी. 2 लाखांत घर आयुष्यभर चालत नाही, पण पहिले वर्ष सावकाराकडे न जाता निघते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारवरची नावे जुळलेली असावी लागतात.

विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते आणि हप्ता मेअखेर खात्यातून कापला जातो. याच दिवसांत हळदीचा पैसा घरात असतो. जूनमध्ये बियाणे, खत आणि शाळेची वह्या-पुस्तके एकदम अंगावर येतात आणि खाते रिकामे होते. म्हणून मे संपण्याआधी तीन कामे करा. खात्यात 456 रुपये शिल्लक ठेवा, बँकेत वारस म्हणून कोणाचे नाव आहे ते तपासा आणि विम्याच्या कागदांची जागा घरातल्या बाईला दाखवून ठेवा. घरात कमावता एकच असेल, तर हे काम पेरणीइतकेच निकडीचे आहे.

(पुढील भागात : सालगड्याचे साल, उचल आणि पाडव्याचा करार)