तक्त्यावांचून कॅमेऱ्याची परीक्षा

कॅमेरा किती रेखीव चित्र काढतो हें पाहण्यासाठीं त्याच्यापुढें काळ्या-पांढऱ्या रेषांचा तक्ता ठेवण्याची रीत आहे. परंतु १९९९ सालीं लँडसॅट-७ हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवर गेला, तेव्हां त्याच्या चित्रयंत्रापुढें तक्ता कोण धरणार? आणि उड्डाणाचे हादरे सोसल्यावर यंत्राची दृष्टि शाबूत आहे कीं नाहीं, हें कळल्यावांचून त्याच्या चित्रांवर विसंबावें कसें?

शास्त्रज्ञांनीं तक्ता पृथ्वीवरच शोधला. अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत पाँटचरट्रेन सरोवरावर सुमारें ३८ किलोमीटर लांबीचा सरळ जोडपूल आहे. त्याची रुंदी ठाऊक असल्यामुळें, काळसर पाण्यावर तो चित्रांत किती पसरट उमटतो यावरून यंत्राची तीक्ष्णता मोजतां आली.

हीच युक्ति घरच्या छायाचित्रासही लागू पडते. उजळ आकाशासमोरची इमारतीची सरळ, किंचित् तिरपी कड घ्यावी. तिरपी असल्यानें ती प्रत्येक ओळींतील पिक्सेलला निराळ्या जागीं छेदते. अशा अनेक ओळी एकत्र केल्या म्हणजे काळ्याचें पांढरें किती अंतरांत होतें, हें पिक्सेलच्या अंशापर्यंत मोजतां येतें. अंतर जितकें कमी, तितका कॅमेरा तीक्ष्ण.

मात्र धुक्यानें किंवा हात हालल्यानेंही कड पुसट होते. म्हणून एकाच चित्रावरून कॅमेऱ्यास दोष देऊं नये. पुष्कळ चित्रें तपासून सर्वांत रेखीव कड प्रमाण मानावी. तिला मागाहून कृत्रिम धार दिलेली नसेल, तर कॅमेरा निदान तितका तरी चांगला आहे, असें निःशंक म्हणावें.