टाकीतल्या कोळंबीचं बाळंतपण

आमानो कोळंबीच्या मादीच्या पोटाखाली अंड्यांचा हिरवट पुंजका दिसला की नवखा हौशी हरखतो. अंडी हजाराच्या वर असतात, पण गोड्या पाण्याच्या टाकीत त्यांतलं एकही पिल्लू मोठं होत नाही. जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो यांनी टाकीतलं शेवाळ खाण्यासाठी १९८०च्या दशकात ही कोळंबी लोकप्रिय केली, म्हणून तिला त्यांचं नाव. निसर्गात तिच्या अळ्या ओढ्याबरोबर वाहत समुद्राकडे जातात, खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मग उलट चढून येतात. नदीतल्या मोठ्या झिंग्याचीही तीच तऱ्हा. त्याच्या अळ्यांना जगायला निमखारं पाणी लागतं, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६१च्या सुमारास मलेशियात दाखवलं आणि झिंग्याच्या शेतीचा मार्ग मोकळा झाला.

चेरी श्रिम्पला समुद्राची गरजच नाही.

मूळची चीन-तैवानकडची ही जात रानात मळकट तपकिरी असते. लाल, पिवळा, निळा हे रंग माणसाने निवडून जोपासलेले. मादी साधारण वीस-तीसच अंडी घालते, पण ती मोठी आणि बलकाने भरलेली असतात. अळीची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येते ती दोनेक मिलिमीटरची तयार कोळंबी. आधी मादीच्या पाठीवर पिवळसर खोगिरासारखा डाग दिसतो. तो म्हणजे अंडाशय. मग ती कात टाकते, पाण्यात गंध पसरतो आणि नर टाकीभर सैरावैरा धावू लागतात. पुढचे तीन-चार आठवडे ती पोटाखालच्या पायांनी अंड्यांना वारा घालत राहते.

माणसाने करायचं ते थोडंच, आणि हौशी मंडळींना तेच जड जातं. टाकी महिनाभर नुसती चालवून मुरू द्यावी. फिल्टर स्पंजचा हवा, कारण साधा फिल्टर पिल्लं ओढून घेतो. जावा मॉस आणि वाळलेलं बदामाचं पान टाकावं. पानावर साचणारा सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर हेच पिल्लांचं जेवण. आपल्याकडे हे झाड रस्तोरस्ती आहे, फक्त औषध फवारलेलं पान नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवावं आणि पाणी थोडं-थोडंच बदलावं. माशांची तांबेयुक्त औषधं तर कोळंबीला विषच. गप्पीसारखा गरीब मासाही पिल्लं मटकावतो, त्यामुळे पैदास करायची तर मासे वेगळे ठेवावेत. वेगवेगळे रंग एकत्र ठेवले, तर काही पिढ्यांत पुन्हा तपकिरीच संतती दिसू लागते.

जपानमध्ये १९९०च्या दशकात हिसायासु सुझुकी यांनी काळ्या पट्ट्यांच्या कोळंब्यांत सापडलेल्या लाल पिल्लांपासून ‘क्रिस्टल रेड’ घडवली. देखणी खरी, पण तिला थंड, मऊ पाणी लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राशिवाय तिचा नाद करू नये.

चेरी मात्र काही महिन्यांत टाकी भरून टाकते. जर्मनीतल्या गिलबाख ओढ्यात वीजकेंद्राच्या कोमट पाण्यावर तिने बस्तानच बसवलं आहे. म्हणून जास्तीच्या कोळंब्या मित्रांना वाटा, दुकानदाराला द्या. पण गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नका.