डहाणूचे रान आणि दिल्लीतील दोन सभागृहे

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून, डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. किनाऱ्याकडे ताडामाडांची झाडे आणि चिकूच्या वाड्या, तर पूर्वेकडे डोंगर आणि रान. या रानात वारली, कोकणा, मल्हार कोळी आदी आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. पावसाळ्यापूर्वी ते झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जमिनीवर पसरून जाळतात. त्या भाजलेल्या जागेला ‘राब’ म्हणतात. त्यात भाताचे रोप तयार होते. खाचरात भात, उतारावर नागली आणि वरई, शिवाय रानातील मोह, मध आणि डिंक, यांवर त्यांचा संसार चालतो.

परंतु ज्या जमिनीवर आजोबाने नांगर धरला, ती जमीन आपली आहे, असे सांगणारा कागद मात्र नातवापाशी नसे. इंग्रजांच्या राजवटीत 1878 साली आणि पुढे 1927 साली वनांविषयीचे कायदे झाले. सरकारी दप्तरात रान वनखात्याचे ठरले आणि त्यात राहणारा माणूस आपल्याच शेतावर ‘अतिक्रमण करणारा’ ठरला. 1945 साली, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर या दांपत्याने वारल्यांना संघटित केले, आणि जमीनदारांच्या शेतावर फुकट राबण्याची वेठ यापुढे करावयाची नाही, असा निर्धार तेथे झाला. तो लढा मोठा होता. पण वेठीविरुद्ध मान ताठ झाली, तरी रानातील शेताचा प्रश्न तसाच राहिला. तो सुटण्यासाठी देशाचा कायदाच बदलावा लागणार होता, आणि असा कायदा करण्याचा अधिकार दिल्लीतील संसदेचा.

राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा मिळून भारताची संसद बनते. लोकसभेत जनतेने प्रत्यक्ष मतदान करून निवडलेले प्रतिनिधी बसतात. तिच्या 543 जागांपैकी 48 महाराष्ट्राच्या आहेत. डहाणू-तलासरीचे मतदार आज पालघर मतदारसंघातून आपला खासदार निवडतात; 2009 च्या निवडणुकीपूर्वी या मतदारसंघाचे नावच डहाणू असे होते. ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते आणि तत्पूर्वीही ती विसर्जित होऊ शकते.

राज्यसभेची घडण वेगळी आहे. तेथील बहुतेक सदस्य राज्यांच्या विधानसभांतील आमदार निवडून देतात. म्हणजे तलासरीचा शेतकरी आमदार निवडतो आणि तो आमदार महाराष्ट्राच्या 19 राज्यसभा सदस्यांच्या निवडीत मत देतो. साहित्य, विज्ञान, कला व समाजसेवा यांतील 12 जाणत्या व्यक्तींना राष्ट्रपती नियुक्त करतात. हे सभागृह कधीच विसर्जित होत नाही. प्रत्येक सदस्याची मुदत सहा वर्षे असून दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. नदीचे पाणी वाहून जाते, पण नदी आटत नाही, तसेच हे आहे.

एकच काम दोन सभागृहांनी करण्यात वेळेचा अपव्यय नाही काय, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. परंतु कायदा म्हणजे कोट्यवधी लोकांच्या जीवनावर उमटणारी मोहोर. एका सभागृहात घाईने किंवा रागाच्या भरात काही संमत झाले, तर दुसऱ्याने ते शांतपणे पुन्हा पाहावे, हा यामागील हेतू आहे. रानातील शेतकऱ्यांचा कायदा कसा घडला, हे पाहिले म्हणजे संसदेची ही रीत नीट उमगते.

कायद्याच्या मसुद्याला ‘विधेयक’ म्हणतात. 13 डिसेंबर 2005 रोजी अनुसूचित जमातींच्या वनहक्कांना मान्यता देणारे विधेयक लोकसभेत मांडण्यात आले. विधेयक सभागृहात मांडणे हे त्याचे पहिले वाचन होय. दुसऱ्या वाचनात त्यातील तत्त्वांवर चर्चा होते, मग एकेका कलमाचा विचार होतो आणि सदस्य दुरुस्त्या सुचवितात. तिसऱ्या वाचनात विधेयक संपूर्ण रूपाने मतास टाकले जाते. बहुतेक वेळा ‘होय’ आणि ‘नाही’ अशा आवाजांवरूनच अध्यक्ष निर्णय देतात. कोणी आग्रह धरल्यास मते मोजली जातात.

या विधेयकावर देशात मोठा वाद माजला. जंगल आणि वाघ यांची काळजी वाहणाऱ्यांना वाटे, की जमिनी दिल्यास रान उजाड होईल. उलट आदिवासींच्या बाजूने बोलणारे म्हणत, की ज्यांनी रान राखले त्यांनाच रानातून हाकलणे हा कोठला न्याय? दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होते. अशा वेळी संसद एक शहाणपणाची वाट धरते. हे विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. या समितीने मे 2006 मध्ये आपला अहवाल दिला.

समितीमुळे काय बदलले, ते अवश्य पाहण्याजोगे आहे. मूळ मसुद्यात 25 ऑक्टोबर 1980 पूर्वी जमीन कसणाऱ्यांनाच हक्क मिळणार होता. वनसंरक्षणाचा केंद्रीय कायदा त्या दिवशी अमलात आला होता. त्यानंतर शेती करू लागलेले शेतकरी उघड्यावरच पडले असते. समितीच्या शिफारशीनंतर ती तारीख 13 डिसेंबर 2005 अशी झाली. मूळ मसुद्यात कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच हेक्टर जमीन होती. अंतिम कायद्यात ती मर्यादा चार हेक्टर ठरली. मूळ मसुदा केवळ अनुसूचित जमातींपुरता होता. पुढे तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, रानात राहणाऱ्या इतर लोकांचाही त्यात समावेश झाला. एका तारखेचा बदल, पण त्यावर कितीतरी घरांचे भात अवलंबून होते!

15 डिसेंबर 2006 रोजी लोकसभेने आणि 18 डिसेंबर रोजी राज्यसभेने हे विधेयक संमत केले. दोन्ही सभागृहांचे एकमत झाले नसते, तर राष्ट्रपतींना संयुक्त बैठक बोलाविता आली असती. असे प्रसंग विरळा. 1961 साली हुंडाबंदीच्या विधेयकासाठी अशी पहिली बैठक झाली, आणि त्यानंतर केवळ 1978 व 2002 या सालीच तशी वेळ आली. पैशासंबंधीच्या विधेयकाला मात्र हा मार्ग लागू नाही. ते लोकसभेतच मांडावे लागते. राज्यसभा चौदा दिवसांत सूचना करू शकते, पण त्या मानणे वा न मानणे लोकसभेच्या हाती असते.

शेवटची पायरी राष्ट्रपतींच्या संमतीची. पैशासंबंधीचे नसलेले विधेयक राष्ट्रपती फेरविचारासाठी एकदा परत पाठवू शकतात. परंतु दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा संमत केल्यास संमती द्यावीच लागते. वनहक्कांच्या या विधेयकाला 29 डिसेंबर 2006 रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची संमती मिळाली. आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला होता, अशी स्पष्ट कबुली या कायद्याच्या उद्देशिकेतच दिलेली आहे. सरकारी भाषेत असे शब्द क्वचितच वाचावयास मिळतात. तरीही कायदा अमलात येण्यास 31 डिसेंबर 2007 उजाडला आणि त्याचे नियम 1 जानेवारी 2008 रोजी प्रसिद्ध झाले.

येथून पुढचे काम पुन्हा गावाकडे येते. ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, आणि शेतकरी आपला दावा तिच्यापुढे मांडतो. समिती प्रत्यक्ष शेतावर जाऊन पाहणी करते. ग्रामसभेचा ठराव झाला, की कागद उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातात. पूर्वी त्यासाठी ठाण्याकडे पाहावे लागे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून हे काम पालघरला होते. दावा मान्य झाल्यास मिळणारा हक्क वारसांकडे जातो, पण जमीन विकता येत नाही. विवाहित असल्यास पती व पत्नी या दोघांच्याही नावाने तो नोंदला जातो. हे सर्व लवकर होते, असे मात्र नाही. अनेक दावे फेटाळले गेले, अनेक रखडले. मार्च 2018 मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी आले, तेव्हा त्यांच्या प्रमुख मागण्यांत वनहक्कांची मागणी होती.

ज्याच्यापाशी एकही जुना कागद नाही, त्याने हक्क कसा सिद्ध करावा? नियमांनी याचाही विचार केला आहे. शेताचे बांध, विहीर, घराचा जुना चौथरा, पूर्वजांच्या दफनाची जागा, हे सारे पुरावे म्हणून चालतात. गावातील वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेली हकिकत लिहून घेतली, तर तीही पुरावा ठरते. म्हणून पाहणीच्या दिवशी एखादा ऐंशी वर्षांचा वारली बांधावर उभा राहून, या खाचरात कोणी कोणी नांगर धरला, ते सांगतो, आणि समितीचा लेखनिक ते अक्षर न गाळता लिहून घेतो.